सिस्टर्स यायच्या आधी पंगत उठली

माझ्या मुलीला ज्या बाईने तिच्याच संघटनेतून काढून टाकलं, ती माझी मैत्रीण होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक विचारतात, एवढा राग कशाला धरायचा? परक्या बाईचा मी एवढा धरला नसता.

आम्ही दोघी एकाच सुमारास नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागे अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोला आलो. ती पुण्याची, मी अमरावतीची. हायवेवर गाडी घालायला मला तिनेच शिकवलं. शेजारी बसून शांत आवाजात म्हणायची, "आता घे. अगं घे आता, कुणाची वाट बघतेस?" माझ्या तोंडून "मी येऊन राहिले" असं काही निघालं की चारचौघांत हसून दुरुस्त करायची, "येतेय म्हण, येतेय." मला त्यात मायाच दिसायची. तिची मुलगी आणि माझी मुलगी एका वयाच्या. एका शाळेत गेल्या, पुढे एकाच कॉलेजातही गेल्या. माझी मुलगी तिला मावशी म्हणायची आणि खरोखर मावशीच मानायची.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी या दोघींनी आणखी तीन मुलींना घेऊन सॉरॉरिटी काढायचं ठरवलं. इथल्या कॉलेजांत मुलींच्या अशा संघटना असतात. नावं ग्रीक अक्षरांची, आत गेलेल्या मुली एकमेकींना सिस्टर म्हणतात, आणि मूळ संघटनेची प्रत्येक कॉलेजात जी शाखा असते तिला चॅप्टर म्हणतात. भारतीय घरांतल्या मुलींसाठीची एक सॉरॉरिटी देशात होती, पण आमच्या इथे तिचा चॅप्टर नव्हता. तो सुरू झाला आमच्या घरी, वरच्या गेम रूममध्ये, जमिनीवर पसरलेल्या गाद्यांवर. मी खाली पोहे करत होते आणि वरून सारखा हसण्याचा आवाज येत होता.

चॅप्टरला मान्यता हवी तर काहीतरी समाजसेवा दाखवावी लागते. कुणी म्हणाली टी-शर्ट विकू, कुणी म्हणाली पार्कमधला कचरा उचलू. माझी मुलगी खाली आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. ट्रेनच्या स्टेशनजवळ एका चर्चने चालवलेला निवारा होता. घर गेलेली कुटुंबं तिथे मुलाबाळांसकट राहायची. ती कॉलेजला जाता-येता त्यांना बघायची.

"आई, दे गेट सँडविचेस एव्हरी सिंगल डे. कोल्ड. तू मसालेभात करशील?"

"त्यांना चालेल?"

"तुझा सगळ्यांना चालतो."

असं ते सुरू झालं. महिन्याचा पहिला रविवार. मुली सकाळी माझ्या घरी यायच्या, कांदे चिरताना रडायच्या, तोंडल्यांचे वाट्टेल तसे तुकडे करायच्या. मी मोठ्या पातेल्यांतून भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, शिरा असं ट्रेमध्ये भरून द्यायची आणि त्या नेऊन वाढायच्या. पहिल्यांदा मीही गेले होते. एका लहान मुलीने भात बोटाने चाचपून पाहिला, मग सगळा संपवला आणि माझ्या मुलीला विचारलं, "कॅन आय हॅव मोर यलो राइस?" तेव्हापासून तिथे त्याचं नाव यलो राइसच पडलं. माझी मुलगी त्या मुलांच्या टेबलावर बसून जेवायची. बाकीच्या मुली वाढून झालं की एकत्र उभ्या राहून फोटो काढायच्या.

चॅप्टरला कुणीतरी मोठी बाई सल्लागार म्हणून लागते. मैत्रिणीचं इंग्रजी चांगलं, तिला वेळही होता. ती सल्लागार झाली. मला कुणी विचारलं नाही आणि मला त्याचं काही वाटलंही नाही, कारण मला स्वयंपाक करायला आवडतो आणि मीटिंगा करायला आवडत नाहीत.

मुली तिसऱ्या वर्षाला गेल्या तेव्हा ते घडलं. ऑगस्टमधली दुपार होती. ऑगस्टमध्ये टेक्ससच्या उन्हात आम्ही गाडीचं दारसुद्धा रुमालाने उघडतो. नव्या मुलींना आत घ्यायचा विधी मैत्रिणीच्या घरामागच्या अंगणात चालला होता. नव्या मुलींनी रांगेत उभं राहून चॅप्टरचा इतिहास पाठ म्हणायचा: कुणी स्थापन केला, कधी मान्यता मिळाली, काय काय सेवा केली. एखादी चुकली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. सगळं बरोबर येईपर्यंत पाणी नाही. अध्यक्ष होती मैत्रिणीची मुलगी. मैत्रीण स्वतः आत एसीमध्ये नंतरसाठी पन्हं करत होती.

एक मुलगी म्हणता म्हणता खाली कोसळली. अध्यक्ष म्हणाली, बर्फ लावा, ठीक होईल. माझ्या मुलीने तिच्या गालाला हात लावून पाहिला. अंग भाजत होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. तिने फोन काढला. तेवढ्यात मैत्रीण बाहेर आली आणि म्हणाली, "थांब, आधी माझ्याशी बोल." माझी मुलगी थांबली नाही. तिने ॲम्ब्युलन्स बोलावली.

ती मुलगी वाचली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. पण ॲम्ब्युलन्स आल्यामुळे कॉलेजपर्यंत गोष्ट गेली आणि वर्षभर चॅप्टरवर बंधनं आली. मूळ संघटनेला मात्र उन्हाने चक्कर आली एवढंच कळवलं गेलं. मग सिस्टर्सची बैठक झाली. माझ्या मुलीने विधीची गुप्तता मोडली, बाहेरच्यांना आत आणलं, म्हणून तिला काढावं असा ठराव मैत्रिणीनेच आणला. हात वर करून मतं घेतली. सगळ्यांचे हात वर झाले. कोसळलेल्या मुलीचासुद्धा. ती हॉस्पिटलमधून येऊन फार दिवस झाले नव्हते, तिला आत राहायचं होतं, आणि आत राहायचा तेवढाच रस्ता तिला दाखवला होता, हे मला कळतं. तरी मी तिला माफ केलेलं नाही.

मुलगी घरी आली ती उघड्या हातांनी. उन्हातही रोज अंगात असायचं ते ग्रीक अक्षरांचं जॅकेट नव्हतं.

"जॅकेट कुठंय?"

"दे आस्क्ड फॉर इट बॅक." एवढं बोलून ती वर गेली.

तिने एक सेमिस्टर सोडून दिलं. दुपारी उठायची, माझ्यासमोर बसून चहा पिऊन पुन्हा वर जायची. ज्या घरात एवढा गोंगाट असायचा तिथे फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. पुढे ती सावरली, शिक्षण पुरं केलं, फिजिओथेरपिस्ट झाली आणि तिकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला नोकरी धरून निघून गेली. एवढ्या लांब का, हे मी विचारलं नाही.

या सगळ्यात मैत्रीण एकदाच माझ्या घरी आली. नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन.

"हे बघ, मुलींचं आपसातलं आहे," ती म्हणाली. "आपण मोठ्यांनी त्यात पडू नये. आणि रविवारचं जेवण तेवढं थांबवू नकोस हं. सेवा वेगळी आणि हे वेगळं."

माझी मुलगी वरच्या खोलीत होती. दार उघडं होतं. मी म्हणाले, "बरं."

ती गेल्यावर नवरा माझ्याकडे बघतच राहिला. "तू हो म्हणालीस?"

"भात काही तिच्यासाठी नाही. तिथल्या लोकांसाठी आहे."

हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की त्यांचं सगळं नाव ज्या दोरीवर वाळत होतं तिचं एक टोक माझ्या हातात होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं. वड्या मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकल्या. डबा घासून परत पाठवला.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी तो स्वयंपाक केला. दर महिन्याला मुली दाराशी यायच्या. जुन्या पास होऊन गेल्या, नव्या आल्या. अंगावर ती अक्षरं, तोंडात "थँक यू आंटी, यू आर द बेस्ट." कांदे चिरायला आता कुणी येत नव्हतं, फक्त ट्रे न्यायला यायच्या. मी हसून ट्रे द्यायची आणि गाडी वळली की दार लावून घ्यायची. मैत्रिणीशी भेटी व्हायच्या, गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात. मी नीट बोलायची. लोकांना वाटायचं, बरं झालं, या दोघींचं मिटलं.

मग चॅप्टरला दहा वर्षं झाल्याचा समारंभ आला. हॉटेलचा हॉल, पांढऱ्या चादरींची टेबलं, जुन्या-नव्या सगळ्या सिस्टर्स. मलाही बोलावणं होतं. माझ्या टेबलावरच्या कार्डावर 'किचन आंटी' असं लिहिलं होतं. नाव नव्हतं.

मैत्रीण स्टेजवर उभी राहून इतिहास सांगत होती आणि मागे पडद्यावर फोटो येत होते. ती म्हणाली, "निवाऱ्यावर जेवण न्यायची कल्पना मला सुचली ती माझ्या स्वयंपाकघरात उभी असताना." फोटो आला तो माझ्या स्वयंपाकघराचा. माझा ओटा, माझ्या निळ्या टाइल्स, आणि ओट्याशी चार मुली. पाचवी कापली होती. कडेला एक हात तेवढा राहिला होता, हिरवी बांगडी घातलेला, झारा धरलेला. ती बांगडी माझ्या आईने नातीला पाठवली होती.

"चार संस्थापक सिस्टर्स," मैत्रीण म्हणाली. टाळ्या झाल्या. पुढच्या टेबलावर तेव्हा कोसळलेली ती मुलगी बसली होती. आता मोठी झालेली, शेजारी नवरा. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि प्लेटमधली भाजी काट्याने इकडची तिकडे करायला लागली.

शेवटी मैत्रिणीने जाहीर केलं की मूळ संघटना सेवेसाठी देशभरातून एका चॅप्टरला पुरस्कार देते, त्यात आमचं नाव पुढे आलं आहे. मुख्य ऑफिसच्या दोघी जणी येत्या पहिल्या रविवारी निवाऱ्यावर येऊन काम डोळ्यांनी बघणार आहेत. मग ती माझ्या टेबलाशी आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"या वेळी जरा जास्त कर हं. आणि मसालेभातच कर. फोटोत छान दिसतो."

मी म्हणाले, "करते की."

परत येताना गाडीत नवऱ्याने विचारलं, "काय चाललंय तुझ्या डोक्यात?" मी म्हटलं, "काही नाही. रविवारी तू माझ्याबरोबर चल. बटाटे सोलायचेत."

मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. निवाऱ्यातलं कुणी उपाशी राहायला नको. त्या लोकांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. म्हणून मी तिथल्या व्यवस्थापक बाईला फोन केला. उंच, सावळी, पिकल्या केसांची बाई. पहिल्या दिवसापासून तीच तिथे आहे. मी विचारलं, या रविवारी जेवण दोन तास आधी आणलं तर चालेल का? मी आणि माझा नवरा स्वतः घेऊन येतो. ती म्हणाली, "हनी, गरम जेवण कधीही आण." मैत्रिणीला मी मेसेज टाकला, 'ट्रे न्यायला घरी येऊ नका, मी थेट तिकडेच पोचवते. तुम्ही ठरल्या वेळी तिकडेच या.' यात खोटं एक अक्षर नव्हतं.

त्या रविवारी मी जसा स्वयंपाक केला तसा लग्नकार्यातही केला नसेल. मसालेभातावर काजू तळून घातले, भरपूर ओलं खोबरं. बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, आणि केळं घालून शिरा. नवऱ्याने पुऱ्या लाटल्या. त्या गोल झाल्या नाहीत, पण फुगल्या. आम्ही पोचलो तेव्हा मुलं दारातच उभी होती. निवाऱ्यातल्याच दोन बायका वाढायला आल्या. मी त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर टेबलावर बसून जेवले. लोकांनी दोनदोनदा घेतलं. एक म्हातारे गृहस्थ शिरा खाऊन डोळे मिटून बसले. उरलंसुरलं डब्यांत भरून ज्यांनी मागितलं त्यांना दिलं. ट्रे घासून पालथे घातले. मुलं बाहेर खेळायला गेली.

मग त्या आल्या. ठरल्या वेळी, बरोबर. पांढरे ड्रेस, खांद्यावरून तिरके पट्टे, छातीवर पिना. पुढे मैत्रीण रेशमी साडीत, शेजारी तिची मुलगी, माजी अध्यक्ष म्हणून मुद्दाम आलेली. मागे मुख्य ऑफिसच्या दोघी आणि एक फोटोग्राफर. हॉलमध्ये मी फडक्याने शेवटचं टेबल पुसत होते.

मैत्रिणीने इकडेतिकडे बघितलं. "जेवण कुठंय?"

"झालं."

"झालं म्हणजे?"

"जेवले सगळे."

ती हसली, कारण पाहुण्या बघत होत्या. तेवढ्यात व्यवस्थापक बाई आतून आली, हात पुसत, खुशीत. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऑफिसच्या दोघींना म्हणाली, "तुम्ही चुकवलंत. या वर्षातलं सगळ्यात चांगलं जेवण होतं." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आणि तुझी मुलगी कशी आहे? जिने हे सुरू केलं ती? उंच मुलगी, मुलांबरोबर बसून जेवायची."

हे मी ठरवलेलं नव्हतं. मी फक्त रिकामा हॉल ठरवला होता. पण समोर आलं, आणि मी सोडलं नाही.

ऑफिसच्या दोघींतली मोठी माझ्याकडे वळली. "तुमची मुलगी या चॅप्टरची सिस्टर आहे?"

"होती," मी म्हणाले. माझं इंग्रजी मैत्रिणीसारखं नाही, पण ही वाक्यं मी भाजी परतताना वर्षानुवर्षं मनात म्हणत आले होते, त्यामुळे कुठे अडले नाही. गेम रूम सांगितली, सँडविचेस सांगितली, अंगणातली दुपार सांगितली, पाणी न दिलेलं सांगितलं, ॲम्ब्युलन्स सांगितली, वर झालेले हात सांगितले. मैत्रीण मध्ये म्हणाली, "धिस इज अ पर्सनल मॅटर." मी म्हटलं, "अंगण तुझं होतं."

पांढऱ्या ड्रेसमधल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण पुटपुटली, "समवन फेंटेड? हू?" त्यांनी चॅप्टरचा सगळा इतिहास पाठ केला होता आणि हे त्यात नव्हतं. एकीला रडू आलं. एकोणीस-वीस वर्षांची पोर, त्या ऑगस्टमध्ये ही शाळेत असेल. मी तिला टेबलावरचा नॅपकिन दिला. वाईट वाटलं नाही असं नाही. पण बोलणं थांबवावंसंही वाटलं नाही. मोठीने मैत्रिणीच्या मुलीला विचारलं, "हे खरं आहे?" ती आईकडे बघत राहिली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. फोटोग्राफरने कॅमेरा बॅगेत ठेवून दिला.

बाहेर पार्किंग लॉटमध्ये मैत्रिणीने मला गाठलं. नवरा ट्रे गाडीत ठेवत होता.

"हे तू मुद्दाम केलंस."

"हो."

"एवढी वर्षं गोड बोलत होतीस माझ्याशी."

"तूच म्हणालीस ना, सेवा वेगळी. मी सेवा केली."

"या मुलींचा काय दोष होता गं?"

"माझ्या मुलीचा काय होता?"

ती काहीतरी म्हणणार होती. तोंड उघडलंही. मी गाडीत बसले आणि काच वर केली. परतताना हायवेवर गाडी मीच घातली.

पुरस्कार दुसऱ्या कुठल्याशा चॅप्टरला गेला. मुख्य ऑफिसने चौकशी केली, मैत्रिणीला सल्लागारपद सोडावं लागलं आणि त्या वर्षी नव्या मुली घ्यायला चॅप्टरला मनाई झाली. माझ्या मुलीला एक ईमेल आली, तिचं नाव संस्थापकांत पुन्हा घालायचं आहे, तिची हरकत आहे का. तिने उत्तर दिलेलं नाही. देणार का, ते तिचं ती बघेल.

त्या रविवारीच दुपारी मी तिला फोन केला होता. मला भीती होती की ती चिडेल, म्हणेल की मी कधीच विसरून गेले होते, तू कशाला उकरून काढलंस. सगळं सांगून झालं. फोनमधून तिच्या खिडकीबाहेर बर्फ साफ करणारी गाडी चालल्याचं तेवढं ऐकू येत होतं.

"आहेस ना?" मी विचारलं.

"आहे. आई, व्हॉट डिड हर फेस लुक लाइक?"

"कुणाचा, मावशीचा?"

"डोन्ट कॉल हर दॅट. हो. तिचा."

मी सांगितलं. साडीपासून सुरुवात करून सांगितलं. ती म्हणाली, "अगेन." मी पुन्हा सांगितलं, या वेळी आणखी सावकाश. मग ती मोठ्याने हसायला लागली, आणि हसता हसता म्हणाली, "यू शुड हॅव टोल्ड मी यार. मी फ्लाइट घेऊन आले असते."

बायका मला म्हणतात, असा सूड घेऊन समाधान मिळत नाही. त्यांना काय माहीत. मला मिळालं. अजून मिळतं. चॅप्टरच्या मुली आता कुठल्याशा लायब्ररीत मुलांना पुस्तकं वाचून दाखवतात म्हणे. पहिल्या रविवारी मी आणि नवरा दोघंच निवाऱ्यावर जातो. त्याच्या पुऱ्या अजून गोल होत नाहीत.

मागच्या आठवड्यात मैत्रीण इंडियन स्टोअरमध्ये दिसली. एकटीच होती, मेथीच्या जुड्या उलटून पाहत होती. केस रंगवायचं सोडलंय तिने. मला बघितल्यावर तिने ट्रॉली वळवली आणि कुठलंच सामान न बघता सरळ पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बाजूचं काउंटर रिकामं होतं. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"कशी आहेस?" मी विचारलं.

तिने मान वळवली नाही. मीही हलले नाही.